टेबलावरची किल्ली

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या तोंडावर म्हणायला नको. फ्रीजमध्ये दुधाचं पातेलं ठेवताना ते कुठवर भरलंय हे मी बघून ठेवते. दाराला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघते आणि जिना उतरून पुन्हा वर येते. सासूबाई म्हणतात, हिच्यासमोर शिंकायचीही चोरी. आमचे हे काहीच म्हणत नाहीत, आणि ते काही म्हणत नाहीत याचाच मला जास्त संशय येतो.

संध्याकाळी मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते. झेरॉक्सच्या दुकानावर आमचं केंद्र आहे. एक लांबट खोली, तीन ओळी बाक, एक फळा, एक टेबल आणि कोपऱ्यात लोखंडी कपाट. येणारी माणसं दिवसभर राबून आलेली असतात. कुणाच्या केसांना तेलाचा वास, कुणाच्या बोटांवर पेंटचे डाग. त्यांना इंग्रजी हौस म्हणून नको असतं. वर्षातून दोनदा आमच्याकडे परीक्षा होते, तिचं सर्टिफिकेट दाखवलं की बऱ्याच ठिकाणी पुढचं दार उघडतं, म्हणून ते येतात.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक चौकीदार होते. गोदामाच्या गेटवर उभं राहून राहून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. वाकून बाकावर बसताना त्यांचा चेहरा बघवत नसे. त्यांच्या कंपनीत कॅमेऱ्यांच्या खोलीत एक जागा होणार होती. खुर्चीवर बसायचं, स्क्रीन बघायचे आणि काही घडलं तर इंग्रजीत चार ओळींचा रिपोर्ट टाकायचा. सर्टिफिकेट मिळालं तर ती जागा त्यांची, नाहीतर एखाद्या पोरसवद्या माणसाची. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे.

पहिल्या बाकावर ताई बसायच्या. एका हॉटेलात पडदे, चादरी, नोकरांचे गणवेश यांच्या शिवणकामाला होत्या. नवरा नाही, दोन मुली. बोलणं मोजकं आणि चालणं असं की खोलीत आल्या तरी कळू नये. मागच्या खेपेला त्या नापास झाल्या होत्या आणि ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं, आणि भाऊंना, कारण निकालाच्या दिवशी ते त्यांच्याच मागे उभे होते.

तिसरा एक टॅक्सीवाला होता. त्याला इंग्रजी येवो न येवो, तोंड भरपूर होतं.

तर अॅक्टिव्ह आणि पॅसिव्ह. हा धडा आला की मला स्फुरण चढतं. आपल्याकडे घराघरात पॅसिव्हचाच प्रयोग चालतो. कप फुटतो. दूध उतू जातं. चार्जर हरवतो. कुणी काही करतच नाही, सगळं आपोआप होतं. वर्गाला मी पहिल्याच दिवशी सांगितलं की अशा वाक्यात एक माणूस लपून बसलेला असतो, इंग्रजीत त्याला ‘बाय’ लावून बाहेर काढता येतं, आणि आपल्याला तेच करायचंय. टॅक्सीवाला म्हणाला, मॅडम, तुम्ही घरीपण ‘बाय’ लावत असाल. मी म्हटलं, रोज.

शिकवण्यासाठी मी एक खेळ काढला होता. सगळ्यांनी बाकावर डोकं ठेवून डोळे मिटायचे. मी ओळींमधून फिरायची आणि एकाच्या खांद्याला हळूच स्पर्श करायची. मग मी फळ्याकडे तोंड करून उभी राहायची, कारण काय घडणार ते मलाही कळायला नको. ज्याला स्पर्श झाला त्यानं गुपचूप उठायचं, खोलीत काहीतरी बदलायचं आणि परत डोकं टेकायचं. मग डोळे उघडायचे आणि काय झालंय ते करणाऱ्याचं नाव न घेता सांगायचं. द फॅन हॅज बीन स्विच्ड ऑफ. द चेअर हॅज बीन मूव्ह्ड. ते जमलं की मगच ‘बाय’ लावून माणूस ओळखायचा.

यात एक नियम होता. वर्गानं नाव घेईपर्यंत करणाऱ्यानं कबूल व्हायचं नाही. कितीही विचारलं तरी नाही म्हणायचं, पूर्ण वाक्यात. आणि मी व्हायची फौजदार. हातात पट्टी, कपाळाला आठ्या, एकेकाच्या बाकाशी जाऊन उलटतपासणी. मी आवाज चढवायची, धमक्या द्यायची, घरी फोन करते म्हणायची. माणसं हसू दाबत खोटं बोलायची आणि त्या नादात त्यांची वाक्यं बरोबर यायची. टॅक्सीवाल्याचं म्हणणं होतं की मॅडम हे नाटक करत नाहीत, हा त्यांचा मूळ स्वभावच आहे.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात प्रश्नपत्रिकांचं पार्सल आलं. जड होतं. मी जिन्यात धापा टाकत उभी होते, तेवढ्यात भाऊ आले आणि गुडघे दुखत असूनही त्यांनी ते माझ्या हातून घेऊन वर आणलं. त्यावरचा शिक्का त्यांनी पाहिला. पेपर का, म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि लगेच वाटलं, कशाला बोलले. पार्सल कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्याच कपाटात आमचे खडू आणि डस्टर असायचे, त्यामुळे वर्गातल्या बाकीच्यांच्या लेखी ते खडूंचं कपाट होतं.

त्या दिवशी खेळ झाला. खांद्यावर माझी पर्स होती, कारण पर्स मी टेबलावर सोडत नाही, माणसांचा काय भरवसा. आणि एवढी सावधगिरी बाळगणाऱ्या मी कपाटातून खडू काढून, कुलूप लावून, किल्ली मात्र टेबलावर डस्टरशेजारी ठेवून दिली होती. मी शेवटच्या ओळीत जाऊन भाऊंच्या खांद्याला स्पर्श केला, परत आले, फळ्याकडे तोंड केलं. डोळे उघडले तेव्हा मागची खिडकी उघडी होती. द विंडो हॅज बीन ओपन्ड, वर्ग म्हणाला. खिडकी भाऊंच्या डोक्याशीच होती, त्यामुळे त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. सगळे हसले आणि तास संपला. माणसं गेली, मी खडू ठेवायला उठले, आणि टेबलावर किल्ली नव्हती.

टेबलाखाली बघितलं, डस्टर झटकलं, पर्स उपडी केली. मग खाली बसून शांतपणे विचार केला आणि तिथेच माझं चुकलं, कारण शांतपणे विचार केला की माझा संशय फार पद्धतशीर होतो. तास सुरू झाला तेव्हा किल्ली होती. खोलीत सगळ्यांचे डोळे एकदाच मिटले होते. मी पाठमोरी होते. त्या वेळात उघडे डोळे एकाच माणसाचे होते. आणि कपाटात पेपर आहेत हे माझ्याखेरीज त्याच माणसाला माहीत होतं.

पुढच्या तासाला मी वर्गाला म्हटलं, द की हॅज बीन टेकन. आवाज कसा निघाला मला ठाऊक नाही. मी एकेकाच्या बाकाशी गेले, पट्टी हातात होतीच. टॅक्सीवाल्यानं ऐटीत सांगितलं, इट वॉज नॉट टेकन बाय मी. ताईंनी तेच वाक्य एक चूक न करता म्हटलं आणि म्हणताना ओठांच्या कोपऱ्यात हसल्या. मला बरं वाटलं, निदान हिला वाक्य जमलं. मग मी शेवटच्या ओळीत गेले. भाऊ वाक्य म्हणेनात. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पहिल्या ओळीकडे पाहिलं, मग बाकाकडे, आणि म्हणाले, “मॅडम, मला नका विचारू.”

बास. शंकेची पाल आधीच चुकचुकत होती, आता तिनं सगळी भिंत डोक्यावर घेतली. वर्ग सुटल्यावर मी त्यांना थांबवून सरळ मराठीत विचारलं, किल्ली तुम्ही घेतली का. ते नाही म्हणाले. मग कुणाला घेताना पाहिलंत का. यावर त्यांनी टोपी हातात फिरवत सांगितलं की मला काही दिसलं नाही. आयुष्यभर पहारा केलेला माणूस, आणि त्याला काही दिसलं नाही. खोटं बोलताना त्यांची मान लाल झाली होती. ती लाली मी गुन्ह्याची धरली.

आता केंद्रप्रमुखांना सांगणं भाग होतं. आमचे केंद्रप्रमुख मवाळ दिसतात, पण खुर्चीला जपून असतात. त्यांनी किल्लीवाला बोलावून कपाट उघडवलं. पार्सलचा शिक्का शाबूत होता, तरी एक कोपरा जरासा उचललेला वाटत होता. जिन्यात घासला असेल, नाहीतर कुणी उचलला असेल. सर म्हणाले की पेपर बदलून मागवतो, पण वर कळवावं लागेल, आणि वर कळवायचं तर एक नाव लागेल. नाव नसेल तर सगळ्या वर्गाची परीक्षा रद्द होईल. मी म्हटलं, पुरावा नाही. ते म्हणाले, “पुरावा नको, मॅडम. तुमची खात्री आहे ना? मग झालं.”

माझी खात्री होती. मी नाव दिलं. भाऊंना फोन सरांनीच केला, परीक्षेला येऊ नका म्हणून सांगितलं, आणि वर्गात याची वाच्यता नको अशी मला ताकीद दिली. घरी मी जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे इतकंच म्हणाले की तो माणूस एकदाही भांडला नाही हे जरा विचित्र नाही का. मी म्हटलं, चोर भांडत नाहीत.

भाऊ यायचे बंद झाले. त्यांच्या बाकावर टॅक्सीवाला बॅग ठेवायला लागला. त्याला वाटलं, ड्यूटी बदलली असेल. ताई दोनदा मागे वळून त्या बाकाकडे बघताना दिसल्या. मी मात्र वर्गातल्या प्रत्येकाकडे आता तिरक्या नजरेनं बघत होते. याला माहीत होतं का, हिनं मदत केली का. एकदा संशयाला वाट दिली की तो एका माणसापाशी थांबत नाही, शेजारच्या बाकावर सरकतो.

परीक्षेच्या आधीचा शेवटचा तास. मी खेळ बंदच केला होता, नुसती वाक्यं उलटसुलट करून घेत होते. मध्येच ताई उठल्या, टेबलाशी आल्या आणि त्यांनी पर्समधून किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. चेहरा असा फुललेला मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

“मॅडम, हरलात ना सगळे?” त्या म्हणाल्या. “परवा परीक्षा आहे, आता किती दिवस वाट बघायची? कुणी माझं नावच घेईना.”

टॅक्सीवाला हसत सुटला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी किल्लीकडे बघत राहिले.

मग तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. ताईंना वाटलं होतं की मी त्यांना निवडलं. डोळे मिटलेले असताना त्यांच्या खांद्याला काहीतरी लागलं होतं, अगदी हळू, मी लावते तसंच. मी म्हटलं, मी तुम्हाला हात लावलाच नव्हता, मी भाऊंना निवडलं होतं. आणि बोलता बोलता माझा हात खांद्यावरच्या पर्सवर गेला. ओळींमधली जागा अरुंद, पर्स फुगलेली. ती ताईंना घासून गेली होती. त्या बिनआवाज उठल्या, समोर दिसली ती वस्तू उचलली, मागे न बघता परत बसल्या. डोळे उघडल्यावर सगळे खिडकीबद्दल बोलायला लागले तेव्हा त्यांना वाटलं, परीक्षा जवळ आली म्हणून मॅडमनी आता दोन दोन माणसं निवडायला सुरुवात केलीय. आपलं कुणाच्या लक्षात आलेलं नाही. त्या खुशीत घरी गेल्या. पुढच्या तासाला मी पट्टी घेऊन आले, दात ओठ खाल्ले, घरी फोन करायच्या धमक्या दिल्या. ते मी दर वेळी करतेच. त्यांनी नियमाप्रमाणे नाही म्हटलं आणि गप्प राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या कशात तरी पहिल्या येत होत्या.

मला हसूही येईना, रडूही येईना. मी वर्ग सोडून दिला, ताईंना थांबवलं आणि सगळं सांगितलं. पेपर, सर, भाऊंचं नाव. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, चला, आत्ताच्या आत्ता चला. आधी आम्ही सरांच्या खोलीत गेलो. सरांनी किल्ली पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि एक चकार शब्द न बोलता फोन उचलला. वर गेलेलं नाव त्यांनी परत घेतलं. मला ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

गोदामाच्या गेटवर भाऊ उभे होते. केबिनमध्ये स्टूल होतं, पण त्यावर रजिस्टर आणि टॉर्च ठेवलेली. आम्हा दोघींना बघून ते गोंधळले आणि माझ्यासाठी स्टूल रिकामं करू लागले. मी बसले नाही. माफी मागायची मला सवय नाही, तरी मागितली. माझं चुकलं, मी तुमचं नाव दिलं, परवा परीक्षेला या, सरांनी सगळं निस्तरलंय. हे एका दमात म्हणून टाकलं. मग ताईंनी त्यांना खेळाची गोष्ट सांगितली. खांदा, पर्स, दोन माणसं, कुणी नावच घेईना. त्या सांगताना हसत होत्या, मला वाटतं त्यांना भाऊंना हसवायचं होतं.

भाऊ हसले नाहीत. त्यांनी ताईंकडे नीट पाहिलं आणि सुटकेचा निःश्वास सोडला.

“म्हणजे तुम्ही चोरली नव्हती,” ते म्हणाले.

ताईंचं हसू थांबलं. “तुम्हाला वाटलं मी चोरली?”

“मी खिडकीशी होतो ना. माझे डोळे उघडे होते. तुम्ही उठलात, किल्ली पर्समध्ये टाकलीत, बसलात. कपाटात पेपर आहेत हे मला माहीत होतं. मागच्या वेळचं पण माहीत होतं.” ते आता भरभर बोलत होते, मनावरचं ओझं उतरल्यासारखे. “मग मॅडमनी विचारलं. काय सांगू? घरी दोन पोरी आहेत, एकट्या आहात. म्हटलं, माझे गुडघे काय, दुखतातच. एक परीक्षा गेली तर गेली. म्हणून तोंड उघडलं नाही.”

एक ट्रक आला. भाऊंनी गेट उघडलं, नंबर लिहून घेतला, गेट बंद केलं आणि लंगडत परत आमच्यापाशी आले. त्यांचा चेहरा बक्षिसाची वाट बघणाऱ्या माणसासारखा होता. आणि त्यांनी केलं ते बक्षिसाच्याच लायकीचं होतं. असं माझ्यासाठी कुणी केलं असतं तर मी जन्मभर विसरले नसते.

ताई पर्सचा पट्टा चाचपत उभ्या होत्या. बोलल्या तेव्हा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

“मॅडमना तर सगळ्यांचाच संशय येतो,” त्या म्हणाल्या. “पण तुम्ही मला चोर समजलात, मग त्या चोराला माफ केलंत, तिच्यासाठी परीक्षा सोडलीत. इतके दिवस. आणि एकदा मला विचारलं नाहीत.”

“विचारून तुम्हाला लाज कशाला आणायची, म्हणून...”

“आता आली ना.”

ताईंनी आभार मानले. खरंच मानले, मान खाली घालून, परक्या माणसाचे मानावेत तसे. परीक्षेला नक्की या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या की मुली वाट बघत असतील, मी पुढे होते, आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागल्या.

मी तिथेच उभी. ताईंनी माझं नाव घेऊन मला धारेवर धरलं असतं तर सोसलं असतं. त्यांनी मला दोषही दिला नाही, माझ्याकडून त्यांची तेवढीसुद्धा अपेक्षा नव्हती, आणि ते मला जास्त लागलं.

“मॅडम,” भाऊंनी विचारलं, “मी ताईंचं भलंच केलं ना?”

प्रत्येक गोष्टीवर मला उत्तर तयार असतं. आमच्या घरी कुणालाही विचारा. पण मी त्यांना सांगितलं की परवा वेळेवर या, पेन दोन आणा, आणि ताईंना गाठायला निघाले. स्टॉपवर बस लागलेली होती. त्यांनी मला येताना पाहिलं, तरी त्या चढल्या आणि पुढे जाऊन बसल्या. मी मागची बस धरली.